एकॅप९ : भाचीच्या रिपोर्टातली एक ओळ आणि आमचे अडीच महिने

आषाढीच्या आदल्या दिवशी शाळेची दिंडी होती. भाची आठवीत, नऊवारी नेसवलेली, डोक्यावर तुळस, आणि पाहुणे यायचे म्हणून पोरींना मैदानात पाऊण तास उभं करून ठेवलेलं. त्यात ही पहाटे साडेपाचला टँकवर जाऊन दीड तास पोहून आलेली आणि उशीर झाला म्हणून नाष्टा न करता कपभर चहावर गेलेली. कान गुणगुणायला लागले, घाम फुटला, समोरचं सगळं पांढरं दिसायला लागलं असं तिनं नंतर सांगितलं, आणि मग तुळशीसकट खाली. हनुवटीला दोन टाके. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न, कुंडी फुटली का.

इथपर्यंत दर पावसाळ्यात एखाद्या तरी शाळेत घडतं तेवढंच आहे. पण टाके घालायला नेलं तिथं सावधगिरी म्हणून ईसीजी काढला (ते बरोबरच होतं, पोरगी पडली की ईसीजी काढायलाच पाहिजे) आणि मशीननं पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात आपणहून छापलं, क्यूटीसी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय परत चार्ज होईपर्यंतचा वेळ, ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला) ४७० मिलिसेकंद. मुलीत साधारण ४६०च्या पुढे गेलं की डॉक्टर दोनदा बघतात. त्यात ही पोहणारी. लाँग क्यूटी नावाचा जो हृदयाच्या विजेचा आजार आहे त्याच्या पहिल्या प्रकारात पोहताना जीव जायची भीती सगळ्यात जास्त, हे कुठल्याही हार्टवाल्या डॉक्टरला पाठ असतं. म्हणून टँक बंद, प्रोप्रॅनोलॉल (ॲड्रेनलिनचा हृदयावरचा जोर कमी करणारी गोळी) सुरू आणि रक्त जेनेटिक पॅनलला, म्हणजे बरीच जीन्स एकदम तपासणाऱ्या चाचणीला, रवाना.

पाच आठवड्यांनी रिपोर्ट आला तेव्हा ताईचा फोन. "दादा, तू त्या प्रोटीनबिटीनमध्ये काम केलंयस ना, हे एकॅप९ काय असतं रे? दाजी सकाळपासून मोबाईलमध्ये बघत बसलेत आणि बोलतच नाहीयेत."

आता योगायोग असा की एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी वर्षभर ह्याच घराण्याच्या मागे होतो, म्हणजे पीकेए आणि त्याला बांधून ठेवणारी प्रोटीनं. त्यामुळे नाव ऐकल्यावर आधी जुनी ओळख भेटल्याचा आनंद झाला आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

आधी हा प्राणी काय आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पेशीत पीकेए नावाचं एक एन्झाइम असतं. बाहेरून ॲड्रेनलिनचा निरोप आला की आत सायक्लिक एएमपी तयार होतं (हे शोधलं अर्ल सदरलँड यांनी, १९७१चं नोबेल), ते पीकेएला जाऊन चिकटतं, पीकेए मोकळं होतं आणि समोर दिसेल त्या प्रोटीनवर फॉस्फेटचा शिक्का मारत सुटतं. आणि गोम अशी की सायक्लिक एएमपी एकच, पीकेए जवळपास तेच, पण हृदयात त्यानं ठोके वाढतात, लिव्हरमध्ये साखर सुटते, मेंदूत आणखी काहीतरी. एकच निरोप आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काम, हे जमतं कसं?

उत्तर आहे, माणूस कुठं बसवलाय त्यावर. गावाचा वायरमन तालुक्याच्या ऑफिसात बसला असेल तर डीपी उडाल्यावर तो येईपर्यंत पिकाचं पाणी गेलेलं असतं, पण त्याची खोलीच डीपीशेजारी असेल तर फ्यूज दोन मिनिटात बसतो. एकॅप म्हणजे ती डीपीशेजारची खोली. नावाचा अर्थच ए-कायनेजला नांगर टाकून धरणारं प्रोटीन. एका अंगानं ते पीकेएला धरतं, दुसऱ्या अंगानं ज्याच्यावर शिक्का मारायचा त्या प्रोटीनला धरतं, आणि बऱ्याचदा शिक्का पुसणारा फॉस्फेटेज आणि निरोप खाऊन टाकणारा फॉस्फोडायएस्टरेज हे दोघेही त्याच खोलीत मुक्कामाला. म्हणजे चालू करणारा, बंद करणारा आणि फोन ठेवणारा, तिघं एका छपराखाली. अशी प्रोटीनं माणसात डझनांनी आहेत.

एकॅप९चं जीन सात नंबरच्या गुणसूत्राच्या लांब हातावर, ७क्यू२१ ह्या पट्ट्यात. जीन अवाढव्य, पूर्ण लांबीचं प्रोटीन साधारण ३,९०० अमिनो आम्लांचं. आणि एकाच जीनची वेगवेगळी कटाई होऊन वेगवेगळी रूपं बनतात म्हणून ह्याला नावंही ढीगभर, एकॅप३५०, एकॅप४५०, सीजी-नॅप. त्यातलं सगळ्यात आखूड रूप म्हणजे योटियाओ. १९९८ साली ते मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला (पेशीवरचं निरोप घेणारं एक प्रोटीन) चिकटलेलं सापडलं आणि सापडवणाऱ्यांनी नाव दिलं चिनी नाष्ट्यातल्या त्या लांब सरळ तळलेल्या काठीवरून, कारण प्रोटीनही तसंच लांबडं. (भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली मामा म्हणजे माझ्यात भजी बिघडलीय का. पोरगी घाबरली नव्हती, घरातले घाबरले होते.)

हृदयात हे योटियाओ एका पोटॅशियम चॅनेलच्या (पोटॅशियम पेशीबाहेर सोडणाऱ्या दाराच्या) शेपटीला लटकलेलं असतं. चॅनेलचं जीन केसीएनक्यू१. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचा स्नायू परत चार्ज व्हावा लागतो, त्यासाठी पोटॅशियम बाहेर जावं लागतं, आणि ठोके वाढले की हे काम आणखी चटकन उरकावं लागतं नाहीतर पुढचा ठोका आधीच्याच्या अंगावर येऊन पडतो. धावताना, पोहताना ॲड्रेनलिन येतं, योटियाओच्या खोलीतला पीकेए चॅनेलवर शिक्का मारतो, चॅनेल जास्त उघडतो आणि क्यूटी, म्हणजे आकुंचन सुरू झाल्यापासून चार्जिंग संपेपर्यंतचा वेळ, ठोक्यांबरोबर आक्रसत जातो. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क्स आणि कास ह्यांच्या गटांनी हे दाखवलं. त्यातच आणखी एक सुरेख गोष्ट निघाली. फिनलंडमध्ये एका जुन्या पूर्वजापासून पसरलेला लाँग क्यूटीचा एक बदल आहे, जी५८९डी. तो चॅनेलच्या नेमक्या त्या हुकात आहे जिथं योटियाओ अडकतं. हुक मोडला, खोली सुटली, ॲड्रेनलिन आलं तरी चॅनेल ढिम्म.

मग साहजिकच पुढचा प्रश्न, हुक चॅनेलच्या बाजूनं मोडला तर आजार होतो, तर योटियाओच्या बाजूनं मोडला तर? २००७ मध्ये कास यांचा गट आणि मेयो क्लिनिकचे ॲकरमन यांनी मिळून असे ५० पेशंट घेतले ज्यांना लाँग क्यूटी ठसठशीत आहे पण माहितीतल्या जीन्समध्ये काही सापडत नाही. एकात बदल सापडला. १५७०व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन, एस१५७०एल, योटियाओच्या शेवटाकडे, चॅनेलला धरायच्या भागात. तुलनेला घेतलेल्या १,३२० ॲलील्समध्ये (जीनच्या प्रती, माणशी दोन), म्हणजे ६६० माणसांत, तो कुठंच नव्हता. पेशीत घालून पाहिलं तर पकड ढिली, शिक्के कमी, सायक्लिक एएमपीला चॅनेलचा प्रतिसाद गायब, आणि कॉम्प्युटरवरच्या हृदयपेशीत विजेचा ठोका लांबलेला. सगळी साखळी जुळली. तो पेपर मी विद्यार्थी असताना तीनदा वाचलाय, इतका नेटका होता, आणि आमच्या सरांनी तो वर्गात शिकवलाही. एकॅप९ला मानाची पाटी मिळाली, लाँग क्यूटी टाइप ११.

दाजी मोबाईलमध्ये बघत बसले होते ते हेच. टाइप ११. झोपेत मृत्यू, पाण्यात मृत्यू वगैरे.

आता रिपोर्ट. व्हॉट्सॲपवर पाच पानं आली, त्यातली चार नियम आणि अटींची. कामाची ओळ एकच होती, तीही तक्त्यात: एकॅप९, एका जागी अमिनो आम्ल बदललेलं, एका प्रतीत, आणि शेवटच्या चौकटीत व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. अमेरिकेच्या जेनेटिक्सवाल्यांच्या संस्थांनी २०१५ मध्ये बदलांना पाच पायऱ्या दिल्यात, रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी, आणि ही त्यातली बरोब्बर मधली पायरी. मराठीत सांगायचं तर, दिसलं खरं पण काय ते माहीत नाही. पण घरी सांगणाऱ्यानं "हार्टच्या जीनमध्ये दोष निघाला" असं सांगितलं आणि ताईनं तेच ऐकलं. नाव घेत नाही, त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता, तीस पेशंट बाहेर बसलेले असताना ती मधली पायरी समजावत कोण बसणार. पण आमच्या घरात त्या एका वाक्यानं जे झालं ते झालं. आजीनं पोरीला जिना चढू देईना.

मी पहिल्यांदा जागेचा नंबर बघितला. ३,१००च्या पुढचा. आणि खरं सांगायचं तर हुश्श केलं, कारण योटियाओ हे जीनच्या सुरवातीच्या साधारण १,६४० अमिनो आम्लांवरच संपतं. भाचीचा बदल ज्या भागात आहे तो भाग योटियाओत येतच नाही. तो लांबलचक रूपात असतो, जे गॉल्जी आणि सेंट्रोसोमपाशी बसून पेशीचे दोर ओढायचं काम बघतं, चॅनेलच्या शेपटीशी त्याचा संबंध कुणी दाखवलेला माझ्या तरी वाचनात नाही. म्हणजे रिपोर्टात घराचा नंबर बरोबर होता, पण बिघाड ज्या खोलीत शोधायचा ती खोली वेगळ्याच मजल्यावर.

एवढ्यावर "काही नाही झालं" म्हणायचा माझा अधिकार नाही हे मला कळत होतं. मी काही डॉक्टर नाही, आणि एका मामाच्या हुश्श करण्यावर कुणी गोळी बंद करू नये. मी ताईला एवढंच म्हणालो की ही ओळ बाजूला ठेव, आधी पोरीला आजार आहे का ते बघू, जीनचं नंतर. कारण इथं सगळं उलट्या बाजूनं चाललं होतं. आजाराची खात्री नाही, आणि आजाराच्या कारणाची चर्चा.

पुण्याला हृदयाची लय बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. बाई साठीच्या, कमी बोलणाऱ्या. रिपोर्ट हातात घेतला, एक नजर टाकली आणि उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "पडली तो दिवस सांग." वीस मिनिटं फक्त तेच. उभी होतीस की पळत होतीस, आधी काय वाटलं, घाम आला का, पाण्यात असताना कधी काही झालंय का, अलार्मनं दचकून कधी पडलीस का, घशासाठी वगैरे कुठलं अँटिबायोटिक चालू होतं का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, कुणी बुडून गेलंय का. दाजींना म्हणाल्या, आठवून सांगा, अपघात म्हणून सोडून दिलेलंसुद्धा. कुणी नव्हतं.

मग मूळ ईसीजीची पट्टी मागितली. आणि इथं जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्यांनी ड्रॉवरमधून शाळेच्या कंपासपेटीतला असतो तसला डिव्हायडर काढला, दोन टोकं दोन ठोक्यांच्या शेंड्यांवर ठेवली आणि भाचीला म्हणाल्या मोज. छोटा चौकोन ४० मिलिसेकंदांचा. पोरीनं मोजले, वीस. म्हणजे ८०० मिलिसेकंद, मिनिटाला ७५ ठोके. मग क्यूपासून, म्हणजे ठोक्याच्या सुरवातीपासून, टी लाटेच्या (हृदय परत चार्ज होतानाचा उंचवटा) शेवटापर्यंत. भाची म्हणाली साडेदहा. "मशीनसारखंच मोजलंस," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलनं टी लाटेच्या उतरत्या बाजूला सगळ्यात तीव्र उतार आहे तिथं स्पर्शिका काढली. ती खालच्या रेषेला जिथं मिळाली त्याच्या पुढे आणखी एक छोटासा उंचवटा होता, झोपलेल्या मांजरीच्या पाठीएवढा. ती यू लाट. तरण्या पोरांत, खेळाडूंत दिसते, आणि मशीननं ती टीच्याच खात्यात जमा केली होती. स्पर्शिकेपर्यंत मोजलं तर पावणेदहा चौकोन.

साडेदहा म्हणजे ४२०, पावणेदहा म्हणजे ३९०. ठोक्यांच्या वेगाप्रमाणे दुरुस्ती करायचं बॅझेट यांचं १९२०चं सूत्र, क्यूटी भागिले दोन ठोक्यांतल्या सेकंदांचं वर्गमूळ. ०.८चं वर्गमूळ ०.८९. मशीनचं उत्तर ४७०. पेन्सिलचं ४३६. पाऊण चौकोनात पोरीचं पोहणं अडकलं होतं.

बाईंनी तेवढ्यावरही सोडलं नाही, आणि ते मला आवडलं. एकच पट्टी ही एकच पट्टी. गोळी हळूहळू कमी करत बंद केली (ही गोळी एकदम तोडायची नसते), मग दोन वेगवेगळ्या दिवशी ईसीजी, उठून उभं राहिल्यावरचा ईसीजी, मग ट्रेडमिल. ट्रेडमिलमध्ये पळतानापेक्षा थांबल्यानंतरची चौथी मिनिट महत्त्वाची, लाँग क्यूटीवाल्यांत तिथं आकडा फुगलेला राहतो, ४८०च्या पुढे गेला तर संशय पक्का होत जातो. भाचीचा ४४०च्या आत. योटियाओची खोली, वायरमन, चॅनेल, सगळं आपापल्या जागेवर कामाला होतं, हे त्या चार मिनिटांनी जेवढं सांगितलं तेवढं कुठल्याही पॅनलनं सांगितलं नसतं. शेवटी आईबापांचे ईसीजी आणि दोघांचं रक्त. बदल दाजींकडून आलेला निघाला. वय ४६, क्यूटीसी ४१०, पंचवीस वर्षं कृष्णेत पोहतायत, पुरातसुद्धा, जे त्यांनी करायला नको होतं पण तो वेगळा विषय.

निदान: साधी चक्कर, उपाशीपोटी, उन्हात, उभं राहून. लाँग क्यूटी नाही. एकॅप९मधला बदल अनिश्चितच, त्याच्यावरून कुठलाही निर्णय नाही आणि चुलत-आत्ते भावंडांच्या तपासण्याही नाहीत.

मग दाजींनी जो प्रश्न विचारला तो मला पेपर वाचताना कधीच पडला नव्हता. "तुम्ही म्हणता ते प्रयोग बरोबर होते. मग ते जीन यादीत आहे ते चूक कसं?"

चूक प्रयोगात नव्हती. एका पेशंटचा एक बदल, त्यावर सुरेख जीवशास्त्र, आणि त्यातून निष्कर्ष की हे जीन हा आजार करतं. मधला टप्पा राहिला. बशीतल्या पेशीत बिघाड दिसला म्हणजे माणसात आजार होतोच असं नाही, त्यासाठी दुसरी घरं लागतात, तिसरी लागतात, जिथं बदल आणि आजार पिढ्यान्‌पिढ्या हातात हात घालून चाललेत. ती तशी उभी राहिली नाहीत. दुसऱ्या बाजूनं तुलनेची माणसं वाढत गेली. २००७ मध्ये ६६० माणसांत बदल नाही म्हटल्यावर तो दुर्मीळ वाटायचा. नोमॅड नावाच्या साठ्याच्या दुसऱ्या आवृत्तीत १,४१,४५६ जणांचे डीएनए आले, आणि कळलं की ३,९०० अमिनो आम्लांच्या एवढ्या लांबलचक प्रोटीनमध्ये कुठं ना कुठं दुर्मीळ अक्षर बदललेली धडधाकट माणसं भरपूर आहेत. लांब भिंतीला कुठंतरी पोपडा असणारच.

२०२० मध्ये क्लिनजेनच्या (कुठलं जीन खरंच कुठला आजार करतं ह्याचा पुरावा तपासणारा प्रकल्प) तज्ज्ञांनी लाँग क्यूटीची १७ जीन्स परत पटावर घेतली. तीन गटांनी वेगवेगळं, एकमेकांचं न बघता, पुरावा तपासला. नेहमीच्या लाँग क्यूटीसाठी निखळ पुरावा फक्त तिघांचा निघाला: केसीएनक्यू१, केसीएनएच२, एससीएन५ए. निम्म्याहून जास्त, म्हणजे ९ जीन्स, मर्यादित किंवा वादग्रस्त पुराव्याच्या खान्यात गेली, त्यात एकॅप९. टाइप ११ची पाटी नेटवर मात्र अजून तशीच लटकलीय, कारण पाटी लावायला एक पेपर पुरतो आणि काढायला कुणी शिडी घेऊन येत नाही. आणि पॅनलमध्ये जीन्स जास्त असली की पॅनल भारी वाटतो, गिऱ्हाइकालाही आणि विकणाऱ्यालाही. माझं स्पष्ट मत आहे की वादग्रस्त जीन्स रिपोर्टात छापायचीच असतील तर वेगळ्या पानावर, "संशोधनासाठी" असं डोक्यावर लिहून छापावीत.

आपल्याकडे हे जास्त टोचतं त्याला आणखी एक कारण आहे. कुठला बदल नेहमीचा आणि कुठला विरळा हे ठरवायला आपल्याच माणसांचे डीएनए वाचलेले पाहिजेत. नोमॅडच्या त्या सव्वा लाखाच्या वरच्या आकड्यात दक्षिण आशियाई १५ हजारांच्या आसपास. इंडिजेन प्रकल्पात सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनं १,००० च्या वर भारतीय जीनोम वाचले, नंतर जीनोम इंडियानं १०,००० चं काम हातात घेतलं, पण आपल्यातल्या जाती-पोटजातींत शतकानुशतकं आतल्या आत झालेली लग्नं बघता प्रत्येक आळीचे स्वतःचे विरळे बदल निघणार. तिकडं ज्याला निरुपद्रवी म्हणून बाजूला काढता आलं असतं ते इकडं अनिश्चित म्हणून पानावर येतं.

ह्याचा अर्थ एकॅप९चा हृदयाशी संबंधच नाही असा मात्र काढू नका, मीच त्याच्या बाजूनं उभा राहीन. दक्षिण आफ्रिकेत केसीएनक्यू१च्या ए३४१व्ही ह्या बदलाची बरीच घरं आहेत, सगळी एकाच जुन्या जोडप्याची वंशावळ. तोच बदल असून कुणी लहानपणीच कोसळतो आणि कुणी म्हातारा होऊन मरतो. २०१४ मध्ये त्या घरांत शोधलं तर एकॅप९मधले नेहमीचे, साधे फरक क्यूटीसीची लांबी आणि झटक्यांचा धोका थोडा वर-खाली करताना दिसले. म्हणजे ज्याचा चॅनेल आधीच लंगडा आहे त्याला ही खोली कशी बांधलीय ह्यानं फरक पडतो. एकट्यानं आजार ओढवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या आजाराला हातभार लावणं वेगळं.

दाजींना हे पटलं. आजीला नाही. तिचं म्हणणं, एवढं सगळं करून कुंडी फुटल्याचा दोष कुणालाच कसा लागला नाही.

भाची ऑक्टोबरपासून परत टँकवर जाते. रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलीत आहे, पहिल्या पानावर डॉक्टर बाईंनी पेन्सिलीनं लिहिलंय, दोन वर्षांनी वर्गीकरण बदललंय का ते लॅबला विचारणे. आणि नाष्ट्याशिवाय सोडत नाहीत तिला आता, पहाटे साडेपाचला दोन केळी खाल्ल्याचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो, ह्याचा मात्र तिला खरंच राग येतो.